कुरण कधी उघडायचं

धोत्रा गवळी,
१२ जुलै २०२५

प्रिय अनु,

तुझं पाखरू आलं! काल सकाळी गुरं नाल्याकडे हाकताना पाहिलं. यंदा पाऊस उशिरा, म्हणून गवत आत्ता कुठे गुडघ्याच्या वर आलंय, आणि त्यातून हा काळा पठ्ठ्या एकदम वर उसळला, पंख फडफडवले आणि परत गवतात गडप. पुन्हा वर, पुन्हा गडप. डोक्यामागच्या त्या लांब पिसांवरून ओळखलं, तणमोरच. मी वेड्यासारखी उभी राहिले आणि तेवढ्यात माझ्या दोन म्हशी रामरावांच्या कपाशीत शिरल्या. त्यावरून जे ऐकावं लागलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

फोन केला असता, पण आमचा फोन म्हणजे गावची चावडी. तो सासूबाईंच्या उशाशी असतो आणि त्या स्पीकर लावल्याशिवाय बोलू देत नाहीत. मागे तू विचारलंस, "मंजू, वजन वाढलं का गं?" तर उत्तर शेजारच्या दोन घरांतून आलं. त्यापेक्षा हॉस्टेलच्या सुट्ट्यांत लिहायचो तसा कागद बरा. शेखर रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन अमरावतीला जातोच, त्याच्याकडे देत जाईन.

आणखी एक. यंदा कुरणाचा मान आमच्या घरी आहे. तुला करार माहीत आहे, मानाचं नीट माहीत नसेल. आम्हा गवळ्यांची तेरा घरं, म्हणून फेरा तेरा वर्षांनी येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मानाच्या घरची सवाशीण आपल्या गाईला कुंकू लावते, ओवाळते, मग कुरणाच्या तोंडावरच्या बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, बाजूला करतात आणि ती गाय कुरणात पहिलं पाऊल टाकते. तिच्याआधी गावातलं एक शेळीचं पिल्लूसुद्धा आत जात नाही.

मागच्या वेळी ओवाळलं तेव्हा मी नवी नवरी म्हणावी अशीच होते. भगवंतराव शेजारी उभे होते. त्याच हिवाळ्यात ते बैलबाजाराला म्हणून गेले आणि आलेच नाहीत. तुला सगळं ठाऊक आहे. मोझरीच्या यात्रेच्या गर्दीत कुणाला दिसले म्हणून मी तीन दिवस तिथे बसले, चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यावर आहेत म्हणून तिथे गेले. आता बारा वर्षं होऊन गेली. घरात आम्ही दोघीच. सासूबाई म्हणजे पार्बताबाई अजून ठणठणीत, आणि मी रोज सकाळी त्यांच्यासमोर कुंकू लावते. पोरगा जिवंत आहे असं त्या धरून चालल्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत मी कपाळ कसं पुसू?

पण खरं सांगते, या मानाची मी वाट बघतेय. बारा वर्षांत गावाने मला कशात पुढे केलं नाही. यंदा माझ्या गाईशिवाय कुणाचं पान हलणार नाही.

तुझी,
मंजू

*

अमरावती,
१५ जुलै २०२५

प्रिय मंजू,

शेखरने पत्र दिलं तेव्हा मी भाजीवालीशी भाव करत होते. भाजी तिथेच राहिली, दोन किलो वांगी तिच्याकडेच. पाखरू आलं! गेल्या वर्षी फिरकलंच नव्हतं, तेव्हापासून मला वाटत होतं की संपलं, आता येणार नाही. रात्री जाग आली की हेच डोक्यात.

बापूसाहेबांना वाचून दाखवलं. (बाबांना मी पाठीमागे सगळ्या कोर्टासारखं बापूसाहेबच म्हणते.) ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "करार कुणी लिहिला?" तुमच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, कुरणात झाडं लावायला खोदलेले खड्डे त्यांनी बुजवून घेतले, नांगर घालणाऱ्यांना बाहेर काढलं, आणि बदल्यात गावाने कबूल केलं की पावसाळ्यात पोळ्याच्या करीपर्यंत कुरणात जनावर किंवा विळा जाणार नाही, आणि दोन्हीकडून तू गाईच्या पाठीवर हात ठेवून जामीन राहिलीस. मी इंग्रजी तारीख लिहा म्हणत होते. रामराव म्हणाले होते, "आमची ढोरं क्यालेंडर वाचत नाई, ताई." तेव्हा बापूसाहेबांनी 'पोळ्याची कर' लिहिलं आणि मलाही फार आवडलं. पहिल्या वर्षी पिल्लं उडाली आणि मग गुरं आत गेली, इतकं बेमालूम जमलं.

आम्ही पुढच्या आठवड्यात येतो. लांबूनच बघू. तुझ्या मानाच्या दिवशी मात्र जवळून बघणार, नवी साडी नेसून. माझ्यासाठी पुढची जागा राख.

तुझी,
अनु

*

धोत्रा गवळी,
२ ऑगस्ट २०२५

प्रिय अनु,

तू येऊन गेलीस तेव्हापासून पाऊस नाही. पाखराचं बरं आहे, त्याला उन्हातही उड्या मारता येतात. आमच्याकडे मात्र गुरांच्या चाऱ्याचं कुटार संपत आलं. सोयाबीनचं होतं ते जूनमध्येच खाऊन झालं, तुरीचं थोडं आहे. ढेपीवर किती काढणार? दूध कमी झालंय. गुरं कुरणाच्या तोंडाशी जाऊन उभी राहतात आणि आत बघत हंबरतात. त्यांना हाकताना जीव नकोसा होतो. सगळं गाव करीचे दिवस मोजतंय.

परवा रामराव अंगणात आले. पाणी घेतलं, चहा घेतला, मग हळूच म्हणाले, "भाभी, घरात माणूस नाई. मान चालवाले जड जाईन तुमाले. गाय तुमचीच, आमच्या साधनानं ओवाळलं तं चालते का?" साधना म्हणजे त्यांची सून.

मी काही बोलायच्या आत सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "काहून? माया सुनेच्या कपायावर कुकू दिसत नाई का तुले?"

रामराव वरमले. "तसं नाई मामी. मान हुकला म्हंजे काय होते ते मले माहीत हाये. आमचा बाप पोयाच्या दोन रोज आधी गेला. घरात सुतक, कुरन बंद. सुतक फिटलं तं पित्तरपाठ लागला. ढोरं दसऱ्यालोक कुटारावर रायली. दुसऱ्या घराले मान देता येत नाई, अन मानाच्या घराबिगर उघडता येत नाई. म्हनून म्हनलं, सारं धड असलं पाह्यजे."

ते गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "हिरवी साडी काढ पेटीतली. ऊन दे तिले." मी काढली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. दोन दिवस दोरीवर आहे आणि मी जाता-येता तिच्याकडे बघते, हसू नकोस.

तुझी,
मंजू

*

अमरावती,
६ ऑगस्ट २०२५

मंजू,

चूक झालीय. मोठी.

मादी अंड्यांवर बसली आहे. काल नाल्याच्या वरच्या अंगाला दुर्बिणीतून पक्कं दिसलं. पाऊस उशिरा धरला म्हणून सगळंच उशिरा चाललंय. अंडी फुटून पिल्लं पायाखालून पळण्याजोगी आणि मग उडण्याजोगी व्हायला सप्टेंबर संपेल. आणि पोळा बावीस ऑगस्टला आहे.

पहिल्या वर्षी पोळा सप्टेंबरच्या मध्यावर आला होता, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता! आम्ही करार केला तो त्या वर्षी. बापूसाहेब पन्नास वर्षं वकिली केलेले, मी पक्ष्यांवर पदवी घेतलेली, तुमच्याकडे पंचांग तोंडपाठ असलेली माणसं, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की पोळा दरवर्षी त्याच सुमाराला येत नाही. गेल्या वर्षी पाखरूच नव्हतं, म्हणून झाकून गेलं. बापूसाहेबांना सांगितलं तर ते कराराचा कागद काढून दिवसभर तेच एक वाक्य वाचत बसले.

करीला तुमची तीन-चारशे गुरं आत शिरली तर काय होईल ते मी लिहायला नको. अख्ख्या वऱ्हाडात ही पाखरं किती उरलीत ते मोजायला दोन्ही हातांची बोटं लागत नाहीत. मंजू, गावाला सांग, यंदा दसऱ्यापर्यंत थांबा. तू सांगितलंस तर ऐकतील. मी स्वतः येऊन पाया पडते.

अनु

*

धोत्रा गवळी,
९ ऑगस्ट २०२५

अनु,

सांगितलं. पारावर सगळ्यांसमोर सांगितलं. आज राखी, पोरीबाळी माहेरी आलेल्या, त्यांनीही ऐकलं.

आधी कुणाला कळेचना. मग कळलं तेव्हा रामराव म्हणाले, "भाभी, गाईच्या पाठीवर हात ठेवून तुमी जामीन रायल्या. करीलोक थांबाचं म्हनजे करीलोकच. दोन वर्सं आमी एक ढोर आत जाऊ देलं का? चारा नव्हता तरी नाई जाऊ देलं. आता त्याईचं पाखरू लेट झालं, तं आमची ढोरं मराची का?" मी म्हटलं, चूक सगळ्यांचीच झाली. ते म्हणाले, "चूक त्याईची, अन उपाशी आमी." यावर तुझ्याकडे उत्तर आहे का?

मी तुझ्या बाजूने उभी राहिले ते राहिलेच, पण मला राग तुझाही आला आहे. पाया पडते म्हणे! तुझ्या पाया पडण्याने माझ्या गाईंच्या पोटात काय जाणार? दसऱ्यापर्यंत थांबा असं तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस. माझी कपिला गाभण आहे, तिच्या बरगड्या दिसायला लागल्यात.

आणि दुसरंही लिहून टाकते. मला ती सकाळ हवी आहे. मला सगळ्यांच्या पुढे उभं राहायचंय. हे तुला फार छोटं वाटेल. वाटू दे.

मंजू

*

अमरावती,
१३ ऑगस्ट २०२५

मंजू,

तुझं सगळं खरं आहे. चाऱ्याचं काही करता येईल का बघते. बाकीचंही बघते. तू गावाशी भांडू नकोस, त्रास करून घेऊ नकोस. काय बघते ते आत्ता विचारू नकोस, पण अंडी वाचतील असं वाटतंय. कपिलाला जप.

अनु

*

धोत्रा गवळी,
१७ ऑगस्ट २०२५

अनुपमा,

काय बघत होतीस ते काल कळलं. जीपमधून वनखात्याची माणसं आली, कुरणाच्या तोंडावर नोटीस लावली. आत जनावर घातलं तर गुन्हा दाखल होईल. रामरावांच्या गोठ्याचे फोटो काढले. बायकांनी विचारलं, कुणी पाठवलं? तर त्यातला एकजण म्हणाला, अमरावतीच्या मॅडमनी अर्ज दिलाय.

संध्याकाळी अंगण माणसांनी भरलं. रामराव पार वेगळ्याच आवाजात बोलत होते. "आमचं कुरन आमी राखलं. आता आमीच चोर का? पाह्यतोच कोन अडवते. करीले जाऊ, अन पुढच्या साली नांगर घालू. पाखरूही नाई अन करारही नाई." कुणी त्यांना थांबवलं नाही. मीही नाही. मी काय तोंडाने थांबवणार होते?

आता करीला सगळी गुरं आत जाणार, ईर्षेने जाणार. आणि पहिलं पाऊल माझ्या गाईचं. तुझी अंडी पहिल्यांदा तुडवायचा मान माझा. मी नाही म्हटलं तर जामीन खोटा पडतो, घर कायमचं वाळीत पडतं. तू एकदा विचारलं असतंस तर! इतक्या वर्षांत मला न विचारता तू साडीसुद्धा घेतली नाहीस.

पत्र पाठवू नकोस. शेखरला सांगितलंय, घेऊ नको.

मंजुषा

*

अमरावती,
१९ ऑगस्ट २०२५

मंजू,

शेखर घेत नव्हता. त्याच्या कॅनच्या झाकणाखाली ठेवते आहे, रागावलीस तरी चालेल.

मी घाबरले होते. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. इतकं साधं आणि इतकं वाईट. अर्ज मागे घ्यायला गेले, साहेब दौऱ्यावर आहेत. बापूसाहेब माझ्यावर रागावलेत. म्हणतात, गावाने दिलेला शब्द पाळला आणि तू शिक्का आणलास.

मला काय करायचं ते सांग. काहीही सांग.

अनु

*

अमरावती,
२४ ऑगस्ट २०२५

मंजू,

काल करीच्या सकाळी मी आले होते. पुढे यायची हिंमत झाली नाही, नाल्यापलीकडे बाभळीखाली उभी राहिले. आता येतील, आता येतील म्हणत दुपार झाली. एकही गाय आली नाही. बोराट्या जागच्या जागी. मादी अंड्यांवर बसलेली.

म्हणजे नोटिशीचा उपयोग झाला. मला माहीत आहे तुम्हाला ती किती लागली असेल, पण शेवटी गावाने शहाणपण केलं आणि अंडी वाचली. रामरावांना माझ्यातर्फे सांग, मी त्यांची ऋणी आहे. तुझा मान हुकला याचं मला फार वाईट वाटतं. पुढे कधीतरी भरून काढू. नवी साडी तशीच घडी ठेवली आहे.

शेखरला विचारलं, गावात काय चाललंय, तर त्याने मान फिरवली. मंजू, दोन ओळी तरी लिही.

अनु

*

धोत्रा गवळी,
४ सप्टेंबर २०२५

अनु,

तुझ्या नोटिशीने काही झालं नाही. ती रामरावांनी चूल पेटवायला घेतली.

कुरण उघडलं नाही, कारण आमच्या घरात सुतक होतं. भगवंतरावांचं केलं. परवा तेरवी झाली.

जीप येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धार काढत होते. सासूबाई गोठ्यात आल्या, खुंट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंजुषे, त्याचं करून टाकू."

"कोणाचं?"

"माया पोराचं. अजून कोनाचं?"

माझ्या हातून चरवी सुटली. सगळं दूध शेणात. मी ओरडले गं त्यांच्यावर. एका पाखरासाठी लेकाला मारता का म्हणाले. जे कधी बोलले नव्हते ते बोलले. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पाखराले काहून मधात आनतं? बारा वर्सं झाले. मी माय हाओ, मले का समजत नाई? तो असता तं मायासाठी नाई, ढोरायसाठी तरी आला असता. तुया कपायाकडे पाहून गप रायली मी. तुले आशा हाये तं राहू दे म्हनलं."

अनु, मी त्यांच्याकडे बघून रोज कुंकू लावत होते आणि त्या माझ्याकडे बघून गप्प होत्या. एकाच घरात, एकाच चुलीवर. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. मग मी म्हटलं, "मामी, मान जाईल. मी सवाशीण राहणार नाही." त्या म्हणाल्या, "मंग ठरव तू. मी सांगतलं."

दोन दिवस मला काही सुचेना. हिरवी साडी दोरीवरून काढली, परत घातली, परत काढली. तुझ्या अंड्यांचा विचार केला हे खरं, गावाच्या ईर्षेचा केला, नांगराचाही केला. नांगर एकदा शिरला की आमच्या गुरांना या जन्मी कुरण नाही. पण शेवटी हो म्हटलं ते यातल्या कशाने नाही. मी थकले होते. वाट बघून थकले होते आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मूर्तिजापूरहून गुरुजी आले. देह नसला की करतात तसा पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. अंगावर घालायला काही आहे का म्हणाले. मी त्यांचा निळा सदरा दिला, बारा वर्षं दर पोळ्याला धुऊन ठेवलेला. नाल्याकाठी अग्नी दिला. बायका माझ्याभोवती जमल्या, बांगड्यांना हात घालणार तेवढ्यात सासूबाई गरजल्या, "हात लावू नका तिले! काढाच्या तं ते सोताच काढीन." कुंकू मी स्वतः पुसलं. बांगड्या काढल्या नाहीत, अजून हातात आहेत.

रामराव भेटायला आले. बसले, आणि मग त्यांना राहवलं नाही. "बारा वर्सं थांबल्या मामी, अन पोयाच्या तोंडावरच बरी आठवन आली."

सासूबाई म्हणाल्या, "तुया बापानं बी पोया पाहूनच जीव सोडला व्हता. आमी काही म्हनलं?"

सुतक म्हणजे सुतक. ते फिटेपर्यंत करीचा मुहूर्त गेला, आता सात तारखेनंतर पितृपक्ष, म्हणून कुरण दसऱ्यालाच उघडणार. गाव आमच्या घरावर धुसफुसतंय. उघड कुणी बोलत नाही, पण दूध घ्यायला येणाऱ्या दोघींनी भांडी दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. गणपती बसला नाही. गुरं बांधावरचं ओरबाडतायत.

तू पुढच्या मानाचं भरून काढू म्हणतेस. पुढचा फेरा तेरा वर्षांनी, आणि ओवाळणारी मी नसेन. म्हणून ते वाक्य परत लिहू नकोस.

मंजू

*

अमरावती,
६ सप्टेंबर २०२५

मंजू,

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या आधीच्या पत्राची इतकी लाज वाटली की ते परत मागावंसं वाटलं. तू नाल्याकाठी होतीस त्याच आठवड्यात मी साडीबद्दल लिहीत होते.

बापूसाहेबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला आणि म्हणाले, "भगवंत माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायचा." मग आत गेले. मलाही आठवलं, तुझ्या लग्नात मीच तुझ्या हातावर मेंदी काढली होती.

काही विचारत नाही, काही सुचवत नाही. फक्त एवढं: धामणगाव रेल्वेहून ढेपीची एक गाडी आणि कुटाराच्या दोन गाड्या सोमवारी निघतील. तेरा घरांना सारख्या वाटून. ही मेहेरबानी नाही. आमच्या चुकीने गुरं उपाशी आहेत, तर खाऊ घालणं आमच्याकडे लागतं, हे बापूसाहेबांचे शब्द. अर्ज मागे घेतला. रामरावांना भेटायला मी येणार आहे. त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकून घेईन.

कपिला कशी आहे?

अनु

*

धोत्रा गवळी,
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय अनु,

काल दसऱ्याला कुरण उघडलं. तू नाल्यापलीकडे उभी होतीस, मी पाहिलं. पुढे आली नाहीस ते बरं केलंस. रामरावांच्या शिव्या तू ऐकून घेतल्यास तेव्हापासून ते थोडे निवळलेत, पण बाकीच्यांना अजून वेळ लागेल. ढेपीच्या गाड्यांनी पोटं भरली, अपमान तेवढा लवकर पचत नाही.

तुला लांबून नीट दिसलं नसेल म्हणून लिहिते. ओवाळायला साधना आली होती, रामरावांची सून. हिरवी साडी मी तिला नेसायला दिली. तिला लांब होत होती, मीच निऱ्या काढून दिल्या. हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू? तिने कुंकू लावलं, ओवाळलं. मी मागे बायकांत उभी होते, ताटाकडे बघवत नव्हतं.

गाईचा दोर धरून आत नेतो तो घरातला पुरुष. आता दोर कोण धरणार म्हणून सगळे इकडेतिकडे बघायला लागले. रामराव दोन पावलं पुढे आले. सासूबाईंनी दोर खुंट्याचा सोडला आणि सरळ माझ्याकडे चालत आल्या. "धर."

मी म्हटलं, "मामी, लोक..."

"लोकायले ढोरं आत न्याची हायेत. धर लवकर."

धरला. बोराट्या कुणी बाजूला केल्या ते बघितलं नाही. कपिला पुढे आणि मी तिच्यासोबत, गवत कमरेला लागत होतं. मागे सगळं गाव आणि सगळी गुरं. तेरा घरांच्या जनावरांआधी मी आत पाय टाकला, अनु. मागे कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही.

पिल्लं उडाल्याचं तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, तरी मी घरट्याच्या जागेला वळसा घालून गेले. मागून रामराव ओरडले, "भाभी, सरळ चाला ना, रिकामं हाये आता!" म्हणजे जागा त्यांनाही ठाऊक होती. करार नव्याने लिहायला ते तयार आहेत. म्हणतात, दसरा लिहा, पण पाऊस उशिरा आला तर पारावर बसून बोलायचं, आणि अर्ज-बिर्ज काही करायचं असेल तर आधी गावात येऊन सांगायचं. जामिनाला माझंच नाव राहू द्या म्हणाले.

घरी आल्यावर गोठ्यात जाऊन मी मोठ्याने रडले. बारा वर्षांत पहिल्यांदा. आता बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय याचंच वाईट वाटतंय. सकाळी आरशासमोर हात अजून कुंकवाच्या डबीकडे जातो. दाराशी पाऊल वाजलं की अजून दचकते. इतकं सगळं करूनही ते थांबलेलं नाही.

रात्री भाकरी थापताना मी सासूबाईंना विचारलं. गेले महिनाभर तेच घोळत होतं. म्हटलं, "मामी, आपण त्यांचं केलं, सगळ्या गावाने पाहिलं. आणि उद्या ते दारात येऊन उभे राहिले तर?"

त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाल्या, "रायला तं रायला. भाकर वाढू."

तुझी,
मंजू